मागावर गुंडाळलेला खुनी

मी एकदा एक खुनी सासरच्या मागावर गुंडाळून टाकला. पोलीस यायच्या आत कबूल करते की खुनी पुस्तकातला होता, पुस्तक वाचनालयाचं होतं आणि गाढवपणा मात्र सगळा माझा स्वतःचा होता.

हे आठवायचं कारण माझी नात. परवा तिनं विचारलं, आज्जी, तुला या खुनाच्या गोष्टी एवढ्या का आवडतात? ती स्वतः मोबाईलवर तसल्याच मालिका बघते, पण दीडपट वेगानं. मला ते बघवत नाही. खून व्हायच्या आधी घरात चहा निवांत उकळला पाहिजे. ज्यानं विष घातलंय त्यानंच सगळ्यांना अदबीनं विचारलं पाहिजे की साखर किती घालू. आणि खरं सांगू का, दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात बायकांच्या रोजच्या कामाला एवढा भाव नाही. बाकीच्या कादंबऱ्यांत नायिका खिडकीत उभी राहून चंद्राकडे बघते. रहस्यकथेत ती कपबश्या मोजते, आणि एक बशी कमी भरली की एक माणूस फासावर जातो. कपबश्या मोजण्यात माझा जन्म गेला, पण फासावर कुणीच गेलं नाही.

माझं माहेर निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून होते, त्यामुळे आमच्या घरात पुस्तकालासुद्धा तंबाखूचा वास यायचा आणि खुनाच्या ऐन वेळी मला शिंक यायची. पुस्तकातले संशयित ओव्हरकोट घालायचे. निपाणीत ओव्हरकोट कुणाकडेच नव्हता, म्हणून माझी फार अडचण व्हायची. शेवटी घोंगडं पांघरणाऱ्यांवर मी संशय घ्यायला लागले.

मुलगा मला बघायला आला तेव्हाही मी हेच केलं. तो विणकर आहे हे घरच्यांनी सांगितलं होतं, पण घरच्यांच्या सांगण्यावर कुठलाही गुप्तहेर विश्वास ठेवत नाही. त्याचे डोळे लाल होते. मी ताडलं, हा रडून आलाय, याचं मन दुसरीकडे गुंतलंय. बाहीवर हिरवा धागा होता. म्हणजे ती शिवणकाम करत असणार. त्याची कीव येऊन मी होकार दिला. पुढे कळलं की तो वडगावहून निपाणीपर्यंत स्कूटरवर ट्रकांची धूळ खात आला होता, आणि धागा त्याच्याच मागावरचा होता. त्या शिवणकामवाल्या बाईची मात्र मला पुढे कितीतरी दिवस आठवण येत राहिली.

तर अशी ही हुशार सून वडगावच्या विणकराच्या घरात आली. पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, दोन हातमाग होते. त्यांच्यासमोर जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. एका मागावर नवरा बसायचा, दुसऱ्यावर सासरे. माझ्याकडे कांड्या भरायचं काम होतं, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर चरख्यानं सूत गुंडाळायचं. हात चरख्यावर आणि डोळे मांडीवरच्या पुस्तकात, असं मी दोन-चारदा केलं. कांड्यांची पोटं सुटली, सूत घसरलं, नवऱ्याचा धोटा मध्येच अडकायला लागला. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, फार बोलल्या नाहीत. घरात माग चालू असेपर्यंत पुस्तक दिसता कामा नये, एवढंच त्यांनी सांगितलं. आणि घरात माग पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत चालू असायचा.

सासरे, म्हणजे मामंजी, माझ्याशी बोलतच नसत. राग नव्हता, त्या काळची रीत होती. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही. मी दोन हातांवर उभी असले तरी ते आत्याबाईंना म्हणायचे, तिला सांगा पाणी द्यायला. आत्याबाई मान वळवून मला म्हणायच्या, पाणी दे म्हणत्यात. मी पाणी द्यायची.

त्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं. सोयरे निपाणीकडचे, पण विणकरच. अशा घरांत साखरपुड्याला मुलगी बापाच्या मागावरची साडी नेसते. आणि पाहुण्या बायका मुलीच्या तोंडाकडे बघायच्या आधी तिचा पदर अंगठा आणि बोटात धरून चोळून बघतात. साडी घट्ट असली तर घर घट्ट. नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शांत, दिवसातून तीनदा काही न बोलता माझ्या वाटणीची भांडी घासून टाकणारी. तिच्या साडीसाठी मामंजींनी हिरवं सूत महिनाभर आधीपासून राखून ठेवलं होतं.

त्याच दिवसांत मी शहापूरच्या एका छोट्या वाचनालयातून ते पुस्तक आणलं. एका इनामदाराचा बंद खोलीत खून झालेला. संशयित चार: पुतण्या, धाकटी बायको, दिवाणजी आणि डॉक्टर. गुप्तहेर सारखी बडीशेप चघळणारा. तीन भागांतले दोन मी वाचून संपवले होते. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, बडीशेपेची पुडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, खुनी याच खोलीत आहे. तेवढ्यात आत्याबाईंनी हाक मारली की चल, बांगड्या भरायला बाजारात जायचंय.

पुस्तक लपवायचं कुठे? कुठल्याशा रहस्यकथेत चोरानं चोरलेला हार घरातल्याच देवीच्या गळ्यात घातला होता, आणि फौजदार पाया पडून निघून गेला होता. मी म्हटलं, झालं. पुस्तकाचं कव्हर काढून ट्रंकेत ठेवलं आणि बाकीचं पुस्तक उघड्यावरच, रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवून दिलं. स्वतःच्या बुद्धीवर इतकी खूश होते की बाजारात बांगड्या भरताना मी एकटीच हसत होते.

विणकराच्या घरात रद्दी कशासाठी राखतात हे मला माहीत नव्हतं. साडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, खळ लावून एका लाकडी रुळावर गुंडाळतात. धागे एकमेकांत रुतू नयेत म्हणून दर एक-दोन वेढ्यांना मध्ये कागद घालतात. आम्ही परत आलो तेव्हा ताणा गुंडाळून झाला होता, रूळ मागावर चढला होता आणि रद्दीची जागा स्वच्छ झाडलेली होती. नवऱ्यानं कौतुकानं सांगितलं की वर्तमानपत्रं कमी पडत होती, पण एक फाटकं पुस्तक गावलं, कागद मऊ होता, लई कामाला आला. त्यानं पानं एकेक सुटी करून पहिल्यापासून क्रमानं घातली होती. माणूस शिस्तीचा.

मी ट्रंक उघडून कव्हराकडे बघत बसले. कव्हरावर पिस्तूल होतं, ते मला त्या क्षणी उपयोगी वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी नणंदेच्या साडीला हात घातला. काठ जुळवले, वीतभर विणलं, रूळ फिरला आणि त्याच्यातून आठ-नऊ पानं जमिनीवर पडली. मी झाडायच्या निमित्तानं ती गोळा केली. शेवटची पानं! आत घातलेलं आत राहणार आणि वरचं आधी सुटणार, एवढं माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे पुस्तक मला शेवटापासून सुरुवातीकडे मिळणार होतं. अगदी शेवटच्या पानावर गुप्तहेर बडीशेप खिशात टाकत म्हणत होता की डॉक्टरांना फासावर पोचवलं ते त्या कंदिलानं.

कुठल्या कंदिलानं? मी दोन भाग वाचले होते. त्यात कंदील असल्याचं मला काही आठवत नव्हतं.

त्याच्या अलीकडची दोन पानं, जिथे सगळा उलगडा होता, ती ओल्या खळीनं एकमेकांना चिकटली होती. गुप्तहेर बंद पाकिटं चहाच्या किटलीच्या वाफेवर उघडतात. मीही तसं केलं. उलगड्याची लापशी झाली.

आता माझी काय अवस्था झाली ते सांगते. खुनी कोण ते कळलंय, पण कसा पकडला ते कळत नाही, आणि उत्तर मामंजींच्या पाठीमागे रुळावर आहे. दिवसाकाठी एखाद-दुसरा हप्ता पडणार. मामंजींचा गुडघा दुखत होता आणि ते सावकाश विणत होते. मी आत्याबाईंकडे गेले आणि म्हटलं की साडीचं मधलं साधं अंग मी विणते, मामंजींनी काठ जुळवून द्यावेत आणि पदर तेवढा करावा. आत्याबाईंना गहिवरून आलं. नणंदेसाठी वहिनी खड्ड्यात उतरली, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. माझी नणंद तर मला पेढा द्यायला आली. तो पेढा मी खाल्ला. हे मी आज लिहितेय तेव्हाही तो घशातून नीट उतरत नाही.

विणायला मी नुकतीच शिकले होते. धोटा एकदा गेला की फणी दोनदा आपटायची, म्हणजे आडवा धागा घट्ट बसतो. मी एकदाच आपटायला लागले, तीही हळूच. त्यामुळे साडी भराभर पुढे सरकायची, रूळ लवकर फिरायचा, पानं लवकर पडायची. पानं पडली की खड्ड्यातून पाय काढायचे, मागच्या बाजूला जायचं, उभ्या उभ्या वाचायचं, कंदील सापडला नाही म्हणून चिडायचं आणि पुन्हा येऊन धोटा फेकायचा. पुतण्याची जबानी उलटी वाचली, दिवाणजीची उलटी वाचली. माणसं आधी घाबरायची आणि मग त्यांना प्रश्न विचारला जायचा. कंदील कुठेच नव्हता. साडी मात्र चार दिवसांत झाली. गल्ली म्हणाली, सून वाघीण आहे.

मामंजींनी पदर संपवला, साडी मागावरून उतरवली आणि सोप्यातल्या दोरीवर दारासमोर पसरली. सकाळची वेळ होती. दारातून ऊन आलं आणि साडीतून सरळ आत आलं.

मामंजींनी सगळ्यांना सोप्यात बसायला सांगितलं. नवरा त्याच्या मागाच्या कडेला बसला, आत्याबाई चरख्यापाशी, नणंद उंबऱ्यावर. मी मामंजींना तांब्या नेऊन दिला. मी वाचलेल्या एकाही पुस्तकात गुन्हेगारानं गुप्तहेराला पाणी दिल्याचं नव्हतं.

ते साडीवरून अंगठा फिरवत राहिले. मग आत्याबाईंना म्हणाले, "तिला इचारा, हितं माग थांबल्याली रेघ हाय. रेघंच्या फुडं कापड विरळ. परत रेघ, परत विरळ. असं का?"

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "असं का म्हणून इचारत्यात."

मी म्हटलं, पाय दुखायचे, म्हणून थांबायची.

"पाय दुखत्यात म्हंती," आत्याबाईंनी पोचवलं, जणू मी लांब कणकुंबीच्या रानात उभी होते.

मामंजींनी वितीनं अंतर मोजलं. सगळ्या रेघांमध्ये तेवढंच अंतर. ते म्हणाले, पाय दुखायचा तर कधी आत्ता दुखंल, कधी मग दुखंल. हिचा पाय रुळाच्या वेढ्यांबरोबर दुखतोय. रूळ दोनदा फिरला की काय होतं? ते कुणालाच न विचारता स्वतःशीच म्हणाले, कागद पडतो. आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पान काढलं, मी गोळा करताना खड्ड्यात पडून राहिलेलं. मामंजी वर्षातून एकदा पंचांग उघडणारे. त्यांनी पान लांब धरलं आणि बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत, पहिली ओळ मोठ्यानं वाचली.

"खु-नी या-च खो-लीत आ-हे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी सगळं सांगितलं. कव्हर, रद्दी, कंदील, फणी एकदाच आपटणं, सगळं. नवरा मध्येच म्हणाला की ते पुस्तक होतं होय, मला वाटलं जुनं पंचांग. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. साखरपुड्याला आठ दिवस उरले होते. नणंद उठली. मला वाटलं रडेल, आणि रडली असती तर बरं झालं असतं. तिनं दोरीवरच्या साडीचं एक टोक उचललं, तोंडासमोर धरलं आणि त्यातून माझ्याकडे बघितलं.

"वैनी," ती म्हणाली, "तुम्ही मला दिसायलाय."

एवढंच. मला माझ्या अख्ख्या हुशारीची लाज वाटली. इतके दिवस मी पुस्तकात संशयित शोधत होते आणि ही मुलगी माझी भांडी घासत होती.

मामंजींनी आत्याबाईंकरवी निकाल कळवला. रुळावर अजून एका साडीचा ताणा आहे, सूतही आहे. अंग जिनं बिघडवलं तिनंच पुन्हा विणायचं. ते शेजारी बसतील. फणी दोनदा.

मी दुसऱ्या दिवशी पहाटे खड्ड्यात उतरले. मामंजी शेजारी स्टुलावर, फणीचा आवाज ऐकत. एकदाच वाजली की ते खाकरायचे. दुपारी रूळ फिरला आणि पानं पडली. माझी मान आपोआप वळली. पण नणंद माझ्याआधी तिथे पोचली होती. तिनं पानं गोळा केली, नीट लावली आणि कमरेला खोचली. मला म्हणाली की वीतभर घट्ट विणा, आप्पांनी, म्हणजे मामंजींनी, हो म्हटलं की एक पान वाचून दाखवते. बघा, ही ती शांत मुलगी.

असा आमचा कारखाना सुरू झाला. वीतभर साडी, मामंजींचा अंगठा, एक पान. ही पानं पहिल्या दोन भागांतली, म्हणजे माझी वाचून झालेली. तरी मला ती नवीच वाटत होती. खुनी डॉक्टर आहे हे माहीत असताना डॉक्टर त्या धाकट्या बायकोचं सांत्वन करतोय हे ऐकायला फार मजा येत होती. प्रत्येक वाक्याला अंगावर काटा. लेखकानं समोर ठेवलेलं सगळं मी पहिल्यांदा पायाखाली तुडवत धावले होते, शेवट गाठायला.

आत्याबाई चरख्यावर कांड्या भरत. त्यांचा पुस्तकाशी काही संबंध नाही असं त्यांचं म्हणणं होतं, पण नणंद वाचायला लागली की चरखा हळू व्हायचा. गोष्ट उलटी चालल्यानं त्यांना काही अडचण नव्हती. गल्लीतल्या भांडणांची हकिकतही आधी शेवट आणि मग सुरुवात अशीच कळते, त्यांनी सांगितलं.

साडीचा शेवटचा हात राहिला होता तेव्हा खुनाच्या रात्रीचं पान आलं. नणंद वाचत होती. आरडाओरडा झाला, धाकटी बायको बेशुद्ध पडली, डॉक्टर अर्ध्या कोसावरच्या घरातून अंधारात कंदील घेऊन धावत आले. मोलकरणीनं त्यांच्या हातातला कंदील काचेला धरून बाजूला ठेवला आणि ती पाणी आणायला गेली. नणंद पुढे वाचत गेली. मी धोटा फेकत गेले.

चरखा थांबला.

"काचंला धरलं?" आत्याबाई म्हणाल्या. "आणि हात न्हाय भाजला तिचा?"

नणंद थांबली. मी थांबले. मामंजीसुद्धा वळले. अर्धा कोस पेटता कंदील आणला असता तर काच चांगलीच तापली असती. काच गार होती, म्हणजे कंदील नुकताच लावला होता, म्हणजे डॉक्टर खून झाला त्याच घरात होते. वीज रोज जायची आणि कंदिलाच्या काचा मीच पुसत होते. रोज आत्याबाई ओरडायच्या की गार होऊ दे, हात भाजंल. ते पान मी पूर्वी वाचलं होतं आणि कंदील माझ्या डोळ्यांखालून गेला होता.

आत्याबाईंनी चरखा पुन्हा सुरू केला आणि म्हणाल्या, हे एवढं शोधायला त्या बडीशेपवाल्याला अख्खं पुस्तक लागलं होय.

साखरपुड्याला निपाणीची मंडळी आली. नणंद हिरवी साडी नेसून पाटावर बसली. तिची होणारी सासू पुढे सरकली, पोरीच्या तोंडाकडे न बघता पदर हातात घेतला आणि अंगठा फिरवला. मग पदर सोडून खालचं अंग धरलं, मी विणलेलं. चोळलं, उजेडाकडे धरलं. मला तेव्हा नेमकी तंबाखूच्या वखारीतली शिंक येत होती, ती मी दाबून धरली. त्या बाईंनी मान हलवली आणि विचारलं, अंग कुणी विणलंय? मामंजी सोयऱ्यांना म्हणाले, सुनेनं. मग कुठे त्या बाईंनी माझ्या नणंदेच्या तोंडाकडे बघितलं आणि हसल्या.

पहिल्या, विरळ साडीचं काय झालं ते नणंद आजही फोनवर सांगते. तिच्या थोरल्याच्या पाळण्यावर ती डासांसाठी होती. पुस्तक मी धाग्यानं शिवून, कव्हर चिकटवून वाचनालयाला परत केलं. उलगड्याची दोन पानं गेली होती, ती मी वहीच्या कागदावर माझ्या अक्षरात लिहून घातली, आत्याबाईंनी सांगितली तशी. गडबडीत पंचांगाचं एक पान मध्येच शिवलं गेलं. इनामदाराचा खून एकादशीला झाला, असा पुढच्या वाचकांचा समज झाला असणार.

साखरपुड्याच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी सोपा झाडत होते. आत्याबाई आत नणंदेची ओवाळणी नीट ठेवत होत्या. मामंजी रिकाम्या रुळाशी बसून जुने धागे सोडवत होते. मी जवळून गेले तेव्हा त्यांनी मान वर केली. आत्याबाईंना हाक मारतील म्हणून मी थांबले. त्यांनी हाक मारली नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलले.

"सूनबाई, उद्या नवा ताणा गुंडाळायचाय. एखादं पुस्तक असंल तर आण. या खेपंला शेवटच्या पानापास्नं घालतो, म्हंजे खुनी शेवटालाच गावंल."